नाणे टाका, फुंका, गाडी काढा?

माझा मावसभाऊ गेली तीस वर्षे अमेरिकेत ओहायो राज्यात आहे. निवृत्ती जवळ आली की काही जण बागकामाला लागतात. हा नाण्यांवर चालणारी जुनी यंत्रे गोळा करतो. तळघरात दोन पिनबॉल आहेत, एक ज्यूकबॉक्स आहे. गेल्या हिवाळ्यात बंद पडलेल्या एका बारच्या सामानाच्या लिलावातून त्याने आणखी एक धूड घरी आणले. भिंतीवर टांगायची पत्र्याची पेटी, पंचवीस सेंटचे नाणे टाकायला खाच, बाजूला स्ट्रॉ ठेवायची नळकांडी, मध्ये एक भोक आणि वर लाल आकडे. नाणे टाकायचे, स्ट्रॉ भोकात घालायची, दिवा विझेपर्यंत फुंकायचे. मग रक्तात किती दारू आहे, ते यंत्र सांगणार.

मी नोकरीची सारी वर्षे प्रयोगशाळेतली उपकरणे दुरुस्त करण्यात आणि त्यांचे कॅलिब्रेशन, म्हणजे अंशशोधन, करण्यात घालवली. त्यामुळे रविवारी सकाळी फोन आला. “दादा, चालू तर झालं. पण आकडा बरोबर दाखवतंय का, ते कसं बघायचं?” मी विचारले, हे लावणार कुठे? “तळघराच्या दाराशी. पार्टी संपली की पाहुण्यांनी फुंकायचं, हिरवा दिवा लागला की गाडी काढायची.”

हे उत्तर ऐकून मी जरा गप्प झालो, आणि हा लेखही त्याच उत्तरामुळे लिहितो आहे.

आपल्याकडे रेल्वेच्या फलाटावर वजनाची यंत्रे असत, ती वाचकांना आठवत असतील. रंगीत दिवे लुकलुकत, चकती फिरे, नाणे टाकले की जाड पुठ्ठ्याचे तिकीट खाली पडे. एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला भविष्य. लागोपाठ दोनदा उभे राहिले तर वजन वेगळे येई आणि भविष्यही. कोणाचे काही बिघडत नसे. श्वासाचे नाण्याचे यंत्र दिसायला त्याच कुळातले असले, तरी त्याचे तिकीट घेऊन माणूस थेट रस्त्यावर जातो.

आधी यंत्र उभे करण्याविषयी. यातला नाण्याचा भाग सर्वांत सोपा. नाण्याचा व्यास, जाडी आणि वजन यांवर खरे-खोटे ओळखणारी ती यांत्रिक चाळणी असते. चुंबकाजवळून जाताना नाण्याचा वेग किती कमी होतो, हेही तिथे पाहिले जाते. धूळ आणि जुने चिकट तेल काढले, खालचा छोटा स्विच साफ केला, की काम भागते. विजेचा भाग अधिक नाजूक. तीस-चाळीस वर्षांत पॉवर सप्लायमधले कपॅसिटर सुकलेले असतात. आतल्या सेन्सरचा हीटर ठरावीक व्होल्टेजवरच चालायला हवा, बऱ्याच सेन्सरमध्ये ते 5 व्होल्ट असते. ते थोडे हलले तरी आकडा हलतो. म्हणून कपॅसिटर बदलल्याशिवाय पुढे जायचे नाही, असे मी त्याला बजावले.

सेन्सरविषयी थोडे सांगायला हवे, कारण सगळी मेख तिथेच आहे. श्वासातून दारू मोजण्याची पोलिसांची पद्धत अमेरिकेतच घडली. 1930 च्या दशकात इंडियाना विद्यापीठातल्या रोला हार्गर यांनी फुगा फुगवायला लावून त्यातली हवा पोटॅशियम परमँगनेटच्या द्रावणातून सोडणारे उपकरण केले. 1954 मध्ये इंडियाना पोलिसांतच काम केलेल्या रॉबर्ट बोरकेनस्टाइन यांनी ‘ब्रेथलायझर’ बनवला. त्यात पिवळ्या डायक्रोमेटचा रंग दारूमुळे किती बदलला, ते प्रकाशाने मोजले जाई. ही दोन्ही रसायनांची कामे. दर चाचणीला माणूस लागे. बारच्या भिंतीवर, देखरेखीशिवाय, पंचवीस सेंटमध्ये चालणारे यंत्र त्यातून होणे शक्य नव्हते.

ते शक्य झाले जपानी घरांतल्या गॅसगळतीमुळे. नाओयोशी तागुची यांनी 1960 च्या दशकात टिन ऑक्साइडचा सेन्सर तयार केला तो गळणारा गॅस ओळखण्यासाठी. हे ऑक्साइड काहीशे अंशांपर्यंत तापवले की हवेतला ऑक्सिजन त्याच्या पृष्ठभागाला चिकटून बसतो आणि विजेचा रोध वाढतो. ज्वलनशील वाफ आली की ती हा ऑक्सिजन खाते, रोध उतरतो. यंत्र मोजते ते रोधाचे हे उतरणे. सेन्सर स्वस्त, छोटा, टिकाऊ. पण तो दारू ओळखत नाही. जळू शकणारे काहीतरी आले आहे, एवढेच त्याला कळते. सिगारेटचा धूर, अत्तर, नेलपॉलिश रिमूव्हरमधला ॲसिटोन, सगळ्यांना तो दाद देतो. हवेतल्या दमटपणानेही बदलतो. बारमधली हवा आठवून पाहा.

आता कॅलिब्रेशन. भावाने माझ्या आधी स्वतःचा प्रयोग केलाच होता. व्हिस्कीचा एक पेग घेतला, लगेच फुंकले, आकडा अफाट आला, मग इंटरनेटवरचा वजन-पेग तक्ता पाहून स्क्रू पिळत पिळत ‘योग्य’ आकड्यावर आणला. यात जवळजवळ प्रत्येक पायरी चुकीची आहे. नुकत्याच घेतलेल्या घोटाची दारू तोंडातच असते. ती फुप्फुसातून येत नाही, रक्ताशी तिचा संबंध नाही. म्हणून कोणतीही गंभीर चाचणी शेवटच्या घोटानंतर निदान 15 मिनिटे थांबूनच करतात. शिवाय तक्ता म्हणजे सरासरी माणसाचा अंदाज. अंदाजावर लावलेले यंत्र पुढे अंदाजच सांगणार, फक्त दोन दशांश स्थळांपर्यंत.

खरी पद्धत वेगळी आहे आणि मला ती फार आवडते, कारण तिच्यात खोटा माणूस तयार करावा लागतो. झाकणाची बरणी घ्यायची, तिच्यात पाणी आणि मोजून घातलेले शुद्ध इथेनॉल. द्रावण 34 अंश सेल्सिअसवर स्थिर ठेवायचे, कारण सोडलेल्या श्वासाचे तापमान साधारण तेवढे धरतात. एका नळीने हवा द्रावणातून बुडबुडे काढत सोडायची. दुसऱ्या नळीतून बाहेर पडते ती दारू प्यायलेल्या माणसाच्या श्वासासारखी हवा. याला सिम्युलेटर म्हणतात. एक लिटर पाण्यात 1.21 ग्रॅम इथेनॉल असेल, तर 34 अंशांना त्यावरची हवा अमेरिकन मोजणीत 0.10 आकड्याची असते. 0.08 हवा असेल तर 0.97 ग्रॅम. रक्तातली दारू आणि श्वासातली दारू यांचे प्रमाण 2100 ला 1 धरून हे गणित बसवलेले आहे. हे प्रमाण माणसागणिक थोडे बदलते, ती गोष्ट वेगळी.

“मग मी व्होडका वापरतो. चार मिली एक लिटरमध्ये, बरोबर ना?” भाऊ इंजिनिअर आहे, गणित त्याने चटकन केले. हिशेब बरोबर होता, 3.8 मिली येतात. पण घरातल्या मापाने 3.8 आणि 4.4 मधला फरक कळत नाही, आणि तेवढ्यात 15 टक्के चूक होते. तापमानाचे तर विचारूच नका. द्रावण एक अंशाने कमी-जास्त झाले तर आकडा साडेसहा टक्क्यांनी हलतो. 24 अंशांच्या खोलीत तसेच ठेवलेले 0.10 चे द्रावण निम्म्याच्या आसपास भरते. म्हणून मी त्याला प्रमाणपत्रासह येणाऱ्या द्रावणाच्या बाटल्या आणि वापरलेला सिम्युलेटर विकत घ्यायला लावला. यंत्रापेक्षा महाग पडले. पोलिसांच्या उपकरणांसाठी नायट्रोजनमध्ये मिसळलेल्या इथेनॉलचे सिलिंडरही मिळतात, पण ते मी नको म्हटले. टिन ऑक्साइडला काम करायला ऑक्सिजन लागतो आणि श्वासासारखा ओलावा लागतो. कोरडा नायट्रोजन त्याला मानवत नाही.

दोन दिवस यंत्र नुसते चालू ठेवले. वर्षानुवर्षे थंड पडलेला सेन्सर आधी अंगावरची घाण जाळून टाकतो, तोवर आकडे भटकत राहतात. मग स्वच्छ हवेवर शून्य लावले, 0.08 च्या द्रावणावर दुसरा स्क्रू. तीनदा फुंकले, तीनदा 0.08. भाऊ खूश. मी म्हटले, आता दुसऱ्या बाटल्या लाव. 0.04 च्या द्रावणावर यंत्राने 0.05 दाखवले. आणि 0.16 च्या द्रावणावर? 0.12.

इथे थांबून विचार करण्यासारखे आहे. या जातीच्या सेन्सरचा प्रतिसाद सरळ रेषेत वाढत नाही; दारू वाढत जाते तसा तो मंदावतो. जुन्या, साध्या मंडलात त्याची दुरुस्ती नसते. एका बिंदूवर यंत्र बरोबर आणले तरी त्याच्या वर ते कमी सांगते, म्हणजे जो जास्त प्यायला आहे त्याला ते सवलत देते. आणि हे सारे स्वच्छ तळघरात, तापमान सांभाळून, तज्ज्ञ फोनवर असताना. बारच्या भिंतीवर त्याचे काय होत असेल?

महिनाभराने त्याला पुन्हा तपासायला सांगितले. 0.08 चे द्रावण आता 0.06 दाखवत होते. शोध घेतला तेव्हा कळले, की यंत्र चकचकीत दिसावे म्हणून भावाने पेटीला आतबाहेरून सिलिकॉनचे पॉलिश मारले होते. सिलिकॉनची वाफ टिन ऑक्साइडवर कायमचा थर चढवते. सेन्सर हळूहळू आंधळा होत जातो. बारमध्ये फर्निचरला पॉलिश असतेच, केसांचे स्प्रेही असतात. सेन्सर आंधळा झाला तरी यंत्र बंद पडत नाही, आकडा दाखवत राहते. एवढेच, की आकडा कमी दाखवते. बंद पडलेल्या यंत्रापेक्षा हे वाईट, कारण बंद यंत्रावर कोणी विसंबत नाही.

आणखी एक गोष्ट त्या पेटीच्या दर्शनी पट्टीवरच छापलेली होती. हिरवा भाग, पिवळा भाग, आणि 0.10 पासून लाल. यंत्र बनले तेव्हा अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत मर्यादा तेवढीच होती. 2000 साली केंद्र सरकारने निधीचा चिमटा लावल्यावर पुढच्या काही वर्षांत सगळी राज्ये 0.08 वर आली. युटा तर 2018 च्या अखेरीस 0.05 वर गेले. म्हणजे यंत्र अगदी अचूक असते, तरी त्याचा पिवळा दिवा आज गुन्ह्याला पिवळा म्हणतो. भारतात ही मर्यादा 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅम, त्यांच्या भाषेत 0.03. त्या पट्टीवर ती हिरव्या भागात मोडते. आणि मर्यादेच्या खाली म्हणजे सुरक्षित, असेही नाही. बोरकेनस्टाइन यांनीच 1960 च्या दशकात मिशिगनमधल्या ग्रँड रॅपिड्स शहरात अपघात केलेल्या आणि न केलेल्या चालकांची तुलना केली. धोका 0.08 च्या बराच आधी वाढू लागतो आणि 0.08 नंतर झपाट्याने चढतो, असे त्यात दिसले.

समजा सेन्सर नवा, कॅलिब्रेशन कालचे, पट्टी आजच्या कायद्याची. तरी दाराशी टांगलेल्या या यंत्राला माझा विरोध राहील. कारण ते ‘आता’ मोजते आणि माणूस ‘यानंतर’ गाडी चालवतो. शेवटचा पेग पोटातून रक्तात पूर्ण उतरायला अर्धा तास लागू शकतो, भरपेट जेवण असेल तर एक तास किंवा अधिक. उठताना घाईने संपवलेला ग्लास यंत्राला अजून दिसलेलाच नसतो. दाराशी 0.05, हमरस्त्यावर 0.07. उतरण्याचा वेग मात्र ठरलेला: सर्वसाधारणपणे ताशी 0.015 च्या आसपास. कॉफी, लिंबूपाणी, थंड पाण्याची अंघोळ यांनी तो वाढत नाही. फुंकण्याच्या युक्त्याही आहेत. धापा टाकून फुंकले की आकडा कमी येतो, दम धरून फुंकले की वाढतो. आणि नाण्याच्या यंत्रांभोवती बारमध्ये स्पर्धा लागत, सर्वांत मोठा आकडा कोणाचा याची. त्या बिचाऱ्यांनी निदान यंत्राला परवाना देणारा समजले नाही, एवढे म्हणता येईल.

ऑस्ट्रेलियात हा अनुभव गाठीशी असल्याने न्यू साउथ वेल्स राज्याच्या मद्यपरवान्याच्या नियमांनी बारमधल्या अशा यंत्राजवळ पाटी सक्तीची केली: हा आकडा पोलीस आणि न्यायालय मानत नाहीत, आणि शेवटच्या पेयानंतर तासभर किंवा अधिक काळ रक्तातली दारू वाढू शकते. मला ही पाटी यंत्रापेक्षा जास्त उपयोगी वाटते.

म्हणून माझे म्हणणे असे, की श्वासाच्या यंत्राला ‘नको’ म्हणू द्यावे, ‘हो’ म्हणू देऊ नये. लाल दिवा लागला तर किल्ली काढून घ्यावी. हिरवा लागला तर त्यावरून काहीच ठरवू नये. या यंत्राच्या दोन चुका सारख्या नाहीत. विनाकारण लाल दिवा लागला तर टॅक्सीचे भाडे जाते. विनाकारण हिरवा लागला तर काय जाते, ते सांगायला नको.

हे सगळे दूर ओहायोतले आहे, असे वाटत असेल तर ऑनलाइन दुकानात डोकवा. किल्लीच्या जुडग्याला अडकवायची, काहीशे रुपयांची श्वासयंत्रे सर्रास मिळतात. पुष्कळशांच्या पोटात हाच टिन ऑक्साइडचा सेन्सर असतो, आणि इशाऱ्याचा आकडा कोणत्या देशाच्या कायद्याचा आहे, ते खोक्यावर शोधावे लागते. लग्नाच्या हळदीला, मित्रांच्या फार्महाऊसवर ते हातोहात फिरते. “बघ, झीरो पॉइंट झीरो टू, चल निघू.” त्या यंत्राने आयुष्यात एकदाही प्रमाणित द्रावण पाहिलेले नसते.

दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची. मोटार वाहन कायद्याच्या कलम 185 खाली पहिल्याच गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते, आणि त्याचा आधार श्वासयंत्राचा आकडा असतो. ही यंत्रे बहुधा वेगळ्या जातीची, प्लॅटिनमच्या फ्युएल सेलची असतात आणि बारमधल्या पेटीपेक्षा पुष्कळ विश्वासाची. पण त्यांचाही आकडा काळाने सरकतोच. भाजीवाल्याचा काटा वैधमापन खाते ठरावीक मुदतीने तपासून शिक्का मारते. कैदेची शिक्षा ठरवणाऱ्या काट्याला तेवढी तरी शिस्त हवी. 2024 मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने पुराव्यासाठी वापरायच्या श्वासयंत्रांच्या दरवर्षीच्या पडताळणीचे नियम मसुदा म्हणून मांडले, ते योग्यच झाले. नाक्यावर थांबवलेल्या माणसाने यंत्राची शेवटची तपासणी कधी झाली हे नम्रपणे विचारले, तर पोलिसांनी त्यात उद्धटपणा पाहू नये. यंत्र बरोबर असेल तर त्या उत्तराने पोलिसांचीच बाजू पक्की होते.

भावाने माझे निम्मे ऐकले. यंत्र दाराजवळून हलवून पिनबॉलच्या शेजारी टांगले, पट्टीवरचे हिरवे-पिवळे रंग काळ्या टेपने झाकले, सेन्सर नवा बसवला आणि तीन बाटल्यांवर काय आकडे येतात त्याचा कागद पेटीलाच चिकटवला. दिवाळीच्या पार्टीला त्याने एक खेळ केला. त्याच्या एका मित्राने निघण्याची तयारी करून फुंकले तेव्हा 0.05 आले. भावाने त्याला काही न पिता बसवून ठेवले, गप्पा मारल्या. चाळीस मिनिटांनी पुन्हा नाणे टाकले. 0.07. मित्र म्हणाला, यंत्र बिघडलंय. मग बरणी लावून 0.08 चे द्रावण त्याच्यादेखत फुंकून दाखवले. यंत्र बिघडलेले नव्हते. मित्र तळघरातल्या सोफ्यावर झोपला, आणि सकाळी पोहे त्यानेच केले.